काही करत नाही हो तो!

मराठीतलं सर्वांत धाडसी विधान कोणतं, असं कुणी विचारलं तर मी बेधडक सांगेन, "काही करत नाही हो तो." बोलणाऱ्याच्या हातात पट्टा असतो, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला तीस किलोचा लॅब्रॅडॉर असतो आणि तो त्या क्षणी ऐकणाऱ्याच्या छातीवर पुढचे दोन पाय ठेवून काहीतरी करतच असतो. याच्या जोडीचं दुसरं विधान म्हणजे, "आजवर कधी असं केलं नव्हतं." पहिलं चावण्याआधी म्हणायचं, दुसरं चावल्यानंतर. या दोन विधानांच्या मधे नेमकं काय घडतं, याची चौकशी करायची आपल्याकडे पद्धत नाही.

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत ती झाली. दिवाळीनंतरच्या आठवड्यात बी विंगमधल्या ब्रूनोने लिफ्टमध्ये कुरियरवाल्या मुलाच्या मनगटाला दात लावले. दुखापत फार नव्हती, पण रक्त आलं. मुलाला दवाखान्यात नेऊन आणलं आणि रविवारी सकाळी पार्किंगमध्ये तातडीची सभा भरली. ब्रूनोची घरची मंडळी पुरावे घेऊन आली होती. गणपतीसमोर उपरणं घालून बसलेला ब्रूनो, वाढदिवसाची टोपी घातलेला ब्रूनो, ताईच्या लग्नात वऱ्हाडासोबत ब्रूनो. चावणारा कुत्रा असा दिसतो का, असा एकूण युक्तिवाद होता. (टोपीच्या फोटोत ब्रूनोचे कान मागे चिकटलेले होते आणि डोळ्यांतलं पांढरं दिसत होतं, पण तेव्हा ते कुणी पाहिलं नाही.)

मग कारणमीमांसा सुरू झाली. आपल्याकडे पावसाळा, क्रिकेट आणि कुत्रा या तीन विषयांत तज्ज्ञ नसलेला माणूस सापडत नाही. एक काका म्हणाले, "मटण देत असतील. रक्ताची चटक लागली की संपलं." ब्रूनोच्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, तो पोळी-दूध खातो, आणि चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी." काकांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मग पित्त वाढलं असेल." गावाकडून आलेले एक पाहुणे सांगू लागले की त्यांच्याकडे पिल्लाला लहानपणीच मिरची चारतात, म्हणजे कुत्रं कडक निघतं. मिरचीने पिल्लाच्या पोटात आग पडते, दुसरं काही होत नाही. आणि पोटात आग पडलेला कुठलाही जीव कडकच वागतो. तिसरी सूचना आली, "लग्न लावून द्या त्याचं, शांत होईल." यावर सभेतले विवाहित पुरुष गप्प राहिले.

मग निवृत्त इंजिनिअर काका उठले. त्यांनी यूट्यूबवर बरंच पाहिलेलं होतं. "कुत्रा म्हणजे शेवटी लांडगा," ते म्हणाले. "कळपाला एक म्होरक्या लागतो. तुमच्या घरात म्होरक्या कोण, हे तुम्ही त्याला दाखवलं नाहीत, म्हणून तो स्वतःच झाला. त्याला पाठीवर लोळवायचा, मान धरायची, डोळ्यांत डोळे घालून बघायचं. आणि जेवायला आधी आपण बसायचं, मग तो."

"मी आमच्याकडे सगळ्यांत शेवटी जेवते," ब्रूनोच्या घरच्या आजी मागून म्हणाल्या, "तरी घर माझ्याच शब्दावर चालतं."

आजींनी एका वाक्यात जे केलं ते करायला प्राणिशास्त्राला पन्नासएक वर्षं लागली. या म्होरक्या-सिद्धान्ताची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. 1947 मध्ये रुडॉल्फ शेंकेल या स्विस शास्त्रज्ञाने बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर निबंध लिहिला. लांडगे एका आवारात कोंडलेले, निघून जायची सोय नाही, त्यामुळे मारामाऱ्या भरपूर. त्या पाहून लांडग्यांच्या समाजरचनेची कल्पना बांधली गेली. 'बिग बॉस'चा एक हंगाम बघून मराठी कुटुंबव्यवस्थेवर प्रबंध लिहावा, तसं हे झालं. 1970 मध्ये डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या 'द वुल्फ' या पुस्तकाने ही कल्पना सर्वदूर नेली. पुढे मेक यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समीयर बेटावर, मोकळे लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं. गादीसाठी लढाई वगैरे काही नाही. आई-बाप मोठे म्हणून पोरं त्यांचं ऐकतात. 1999 मध्ये त्यांनी तसं लिहिलं आणि आपलं जुनं पुस्तक आता छापू नका, म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. प्रकाशक तरीही वर्षानुवर्षं छापत राहिला. लेखक बंद करा म्हणतोय आणि प्रकाशक आवृत्त्या काढतोय, हे ऐकून मराठी लेखकाला भोवळ येईल.

बरं, लांडग्याचं सोडा. कुत्र्याला पाठीवर लोळवून काय होतं, हेही पाहून झालेलं आहे. 2009 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या मालकांना विचारलं की तुम्ही घरी काय काय करून पाहिलंत आणि त्यावर कुत्र्याने काय केलं. मारणं, लाथ घालणं, लोळवणं, रोखून बघणं, या सगळ्या उपायांवर बऱ्याच कुत्र्यांनी उलट अंगावर येऊन उत्तर दिलं होतं. काही मालक तर कुत्र्यावर स्वतः गुरगुरून पाहत होते. दहातल्या चार कुत्र्यांनी या गुरगुरण्याला शोभेलसं प्रत्युत्तर दिलं. उरलेल्या सहांना बहुधा मालकाची काळजी वाटली असावी.

सभा या वळणावर असताना सी विंगमधल्या डॉक्टरताई आल्या. त्या पशुवैद्य आहेत. रात्री एका गायीचं बाळंतपण करून आल्या होत्या, त्यामुळे चर्चा ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "लिफ्टच्या कॅमेऱ्याचं चित्रण आहे का? आणि त्याचा कान कुणी पाहिलाय का?"

कान कुणी पाहिलेला नव्हता. चित्रण मात्र होतं. लिफ्टमध्ये कॅमेरा बसवायच्या खर्चाला ज्यांनी वार्षिक सभेत सर्वाधिक विरोध केला होता, तेच आता सेक्रेटरींच्या मोबाइलवर सर्वांत आधी वाकले. आवाज नव्हता, पण ताई मधे मधे थांबवून सांगत होत्या.

दार उघडतं. ब्रूनो लिफ्टच्या कोपऱ्यात, त्याच्या घरचे दादा फोनवर. कुरियरवाला आत येतो. डोक्यावर हेल्मेट, काच खाली, हातात टीव्हीएवढं खोकं. ब्रूनो तोंड भिंतीकडे फिरवतो. "ही पहिली सूचना," ताई म्हणाल्या. खोकं आणखी आत सरकतं. ब्रूनो जिभेने नाक चाटतो, जेवण वगैरे काही नसताना. मग भलीमोठी जांभई देतो. "झोप आली असेल," काका म्हणाले. "घाबरलाय," ताई म्हणाल्या. मग मान तशीच ठेवून तो डोळे तेवढे खोक्याकडे वळवतो. बुबुळाच्या कडेने पांढरी चंद्रकोर दिसते. चेअरमन आनंदाने ओरडले, "पण शेपटी हलतेय बघा! खुशीत आहे!"

शेपटीवरचा हा विश्वास आपण सोडला पाहिजे. शेपटी हलते याचा अर्थ कुत्र्याच्या मनात काहीतरी चाललंय, एवढाच. इटलीतल्या शास्त्रज्ञांनी 2007 मध्ये तर असंही दाखवलं की मालक दिसला की कुत्र्याची शेपटी उजवीकडे जास्त झुकते आणि परका दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. डावं-उजवं तिथेही आहेच. ब्रूनोची शेपटी ताठ उभी होती आणि तिचं टोक तेवढं थरथरत होतं. त्याला खुशी म्हणत असाल तर परीक्षेच्या निकालाआधी पाय हलवणाऱ्या मुलालाही खुशीतच म्हणावं लागेल.

मग ब्रूनो एकदम थिजतो. मिटलेलं तोंड, ताठ अंग. त्याचा ओठ थोडा वर जातो, म्हणजे तो गुरगुरतोय. दादा फोन कानाला तसाच ठेवून पट्ट्याला हिसका देतात आणि काहीतरी बोलतात. काय बोलले असतील ते ऐकू न येताही सगळ्यांना कळलं: "नो ब्रूनो!" आणि मग, कुरियरवाल्याकडे वळून, ते आपलं नेहमीचं विधान. त्या विधानावर विश्वास ठेवून बिचारा मुलगा खाली वाकतो आणि ब्रूनोच्या डोक्यावर, बरोबर कानाशेजारी, थोपटायला हात नेतो.

तोंड फिरवलं, नाक चाटलं, जांभई दिली, डोळे वळवले, थिजला, गुरगुरला. सरकारी खातंसुद्धा कारवाईआधी एवढ्या नोटिसा देत नाही. त्यातली एकही कुणी उघडली नव्हती, आणि शेवटची दिल्याबद्दल तर हिसका मिळाला. गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला शिक्षा केली की त्याची भीती जात नाही, गुरगुरणं तेवढं जातं. पुढच्या वेळी तो मधल्या पायऱ्या गाळून थेट शेवटच्या पायरीवर येतो, आणि आपण दुसरं विधान करतो. भुंकणारा कुत्रा चावत नाही या म्हणीचा जो काही आधार आहे तो इथे आहे. भुंकायची, गुरगुरायची मुभा असलेल्या कुत्र्याला चावायची वेळ उशिरा येते. गप्प बसवलेल्या कुत्र्याबद्दल म्हण काहीच सांगत नाही.

ब्रूनोला खाली आणून त्याचा कान तिथल्या तिथे तपासला. ताईंनी पाळ उचलताच ब्रूनो कण्हला. आत लालभडक, वासही येत होता. लॅब्रॅडॉरचे कान लोंबते, आत हवा जात नाही, त्यात पावसाळाभर ओल, त्यामुळे हे दुखणं या जातीत नेहमीचं. किती दिवस डोकं झटकतोय, असं विचारल्यावर वहिनी म्हणाल्या, "नवरात्रापासून. आम्हाला वाटलं गरब्याच्या गाण्यांना मान हलवतोय."

पण नुसत्या कानाने भागत नाही. दुखणारा कान घेऊन तो आदल्या दिवशी घरच्यांच्या मांडीवर झोपलाच होता. कारणं एकावर एक चढत जातात. दिवाळीत आठवडाभर फटाके. रात्री पलंगाखाली थरथरत बसलेलं कुत्रं भाऊबीज उलटली म्हणून लगेच निवांत होत नाही, अंगातला तो ताण उतरायला दिवस लागतात. त्यावर कान. त्यावर लिफ्ट, जिथून पळायची सोय नाही. घाबरलेल्या जनावराला पळता येत असेल तर ते पळतंच. साखळीने दारात बांधून ठेवलेलं कुत्रं जास्त अंगावर येतं ते याच कारणाने, मालकाला मात्र वाटतं राखण चांगली करतोय. आणि सगळ्यांत वर, हेल्मेट.

हेल्मेटचं कारण थोडं खुलासेवार सांगायला हवं. ब्रूनो घरी आला तेव्हा सव्वा महिन्याचा होता. "लहानपणी आणला की लळा लागतो," असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. वास्तविक 2017 च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे. आई आणि भावंडांत खेळताना पिल्लू दुसऱ्याला जोरात चावतं, दुसरं केकाटून खेळ थांबवतं, आणि आपले दात कितपत लावायचे हे पहिल्याला कळतं. हा वर्ग ब्रूनोने अर्धवट सोडला. शिवाय साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनाची दारं उघडी असतात. त्या काळात जे बघितलं ते त्याच्या जगातलं, बाकी सगळं संशयास्पद. अमेरिकेतल्या स्कॉट आणि फुलर या दोघांनी 1965 मध्ये यावर ग्रंथच लिहून ठेवला आहे. ब्रूनोचे हे आठवडे "लसी पूर्ण होऊ देत" म्हणून फ्लॅटमध्ये गेले. कडेवर घेऊन कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत नेला असता तरी चाललं असतं. त्याने रेनकोट पाहिला नाही, काठी पाहिली नाही, दाढी पाहिली नाही. आणि पुण्यात वाढल्यामुळे हेल्मेट घातलेला माणूस त्याच्या पाहण्यात येण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या सोसायटीत हेल्मेट घालून येणारे फक्त कुरियरवाले, कारण त्यांची कंपनी दंड करते.

त्यात कुरियरवाल्यांशी ब्रूनोचं जुनं प्रकरण आहे. बेल वाजते, ब्रूनो भुंकतो, माणूस पार्सल देतो आणि निघून जातो. आपल्या हिशेबाने काम झालं म्हणून गेला. ब्रूनोच्या हिशेबाने, हाकलला म्हणून गेला. चार वर्षं रोज हा प्रयोग यशस्वी होतोय. असा यशाचा आलेख माझा असता तर मीही दारात उभा राहून भुंकलो असतो. लिफ्टमधला माणूस मात्र भिंतीकडे तोंड फिरवूनही जाईना, गुरगुरूनही जाईना, उलट हात पुढे करायला लागला.

सभेत यानंतर एक शांतता पसरली, ती ए विंगमधल्या काकूंनी मोडली. त्यांच्या पॉमने, म्हणजे कोकोने, सोसायटीतल्या जवळपास प्रत्येक घोट्याची चव घेतलेली आहे. (आपण ज्याला पॉम म्हणतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, पण हे काकूंना सांगायचं धैर्य कुणात नाही.) काकू म्हणाल्या, "मोठी कुत्री पाळूच नयेत. आमचा कोको बघा." कोको तेव्हा त्यांच्या कडेवरून सेक्रेटरींना दात दाखवत होता आणि काकू त्याला "हसतोय गं बाई माझा" म्हणत होत्या. कोको चावला की कुणी सभा बोलावत नाही. कोको चावला की "गोड आहे ना!" म्हणतात, आणि ज्याला चावला त्यालाही ते म्हणावं लागतं.

हेलसिंकी विद्यापीठाने 2021 मध्ये नऊ हजारांहून अधिक जातिवंत कुत्र्यांची माहिती जमवली. भित्रे कुत्रे धीट कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त अंगावर येतात, हे निघालं. लहान चणीचे कुत्रे मोठ्यांपेक्षा जास्त आक्रमक, हेही निघालं. यादीत सर्वांत वर होती रफ कॉली, म्हणजे चित्रपटातल्या आपल्या प्रेमळ लॅसीची जात. आणि लॅब्रॅडॉर तळाशी होता. आमच्या केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये राज्यांना पत्र पाठवून 23 जातींवर बंदी घालायला सांगितलं होतं; पिटबुल, रॉटवायलर वगैरे नेहमीची मंडळी त्यात होती. संबंधितांचं म्हणणं न ऐकताच काढलेलं ते पत्र कर्नाटक उच्च न्यायालयाने महिन्याभरात रद्द केलं. मोठा कुत्रा चावला तर जखम मोठी होते, हे खरंच आहे, आणि त्याच्या मालकाची जबाबदारीही तेवढीच मोठी. पण त्या यादीत कोको नव्हता, याची नोंद आमच्या घोट्यांनी घेतली.

ब्रूनोच्या घरी दुपारी डॉक्टरताई पुन्हा गेल्या तेव्हा मीही गेलो, उत्सुकतेपोटी. दहा मिनिटांत पाहण्यासारखं बरंच घडलं. ब्रूनोने दादांचा मोजा उचलला. तत्क्षणी घरातली पाच माणसं त्याच्यामागे धावली. दादा "ड्रॉप इट", आजोबा "सोड म्हणतो ना", वहिनी "दे बाळा, दे", मुलगा "लीव्ह", आणि आजी काहीच न म्हणता लाटणं घेऊन. तो मोजा साधा होता, पण त्यासाठी पाच माणसं जिवाची पर्वा न करता सोफ्यावरून उड्या मारतायत म्हटल्यावर ब्रूनोला तो खजिना वाटणारच. दादांनी जबड्यात हात घातला; ब्रूनो गुरगुरला. "बघा, आता आमच्यावरही गुरगुरायला लागला," दादा म्हणाले. ताईंनी खिशातून चीजचा तुकडा काढून दूर टाकला. मोजा पडला, ब्रूनो चीजकडे गेला, मोजा कपाटात गेला. सगळ्यांचे चेहरे असे पडले की जणू कुणी त्यांचा रोजचा व्यायाम काढून घेतला.

"तुम्ही सगळे आधी ठरवा, त्याला काय म्हणायचं आणि सोफ्यावर बसू द्यायचं की नाही," ताई म्हणाल्या. आजोबांच्या राज्यात सोफा चालतो, दादांच्या राज्यात चालत नाही, आणि पाहुणे आले की दोन्ही राज्यांचे कायदे बदलतात. यावर घरात जी चर्चा सुरू झाली ती अजून चालू आहे असं ऐकतो.

सकाळच्या सभेचा निकाल सांगायचा राहिला. "कुत्र्यांना लिफ्टमध्ये बंदी" असा ठराव चेअरमन मांडणार होते, पण भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला तशी बंदी घालता येत नाही, हे सेक्रेटरींनी दाखवून दिलं. मग वहिनींच्या बाजूचे लोक खूश झाले, तोच सेक्रेटरींनी भारतीय न्याय संहितेचं कलम 291 वाचलं. पाळलेल्या जनावराबाबत हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मग दुसरी बाजू खूश झाली. शेवटी कुरियरवाल्याच्या औषधपाण्याचा सगळा खर्च ब्रूनोच्या घरच्यांनी द्यायचा, ब्रूनोच्या कानात रोज दोनदा औषध घालायचं, हळूहळू जाळीच्या मुसक्याची सवय करायची आणि तोवर जिना वापरायचा असं ठरलं. ब्रूनो पाचव्या मजल्यावर राहतो. दादांचं वजन उतरायला लागलं आहे.

वाचकहो, तुमच्या घरचं कुत्रं अचानक बदललं तर म्होरक्या, मटण आणि मंगळ यांच्या नादी न लागता त्याला आधी पशुवैद्याकडे न्या. कान, दात, सांधे दाखवा आणि रेबीजची लस दिलेली तारीख कार्डावर बघा. आणि कुणालाही दात लागलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची, तंबाखू यांतलं काहीही त्यावर लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि जेवढी इंजेक्शनं सांगतील तेवढी सगळी घ्या, कारण रेबीज एकदा उमटला की माणूस वाचत नाही. पोटात चौदा इंजेक्शनं देणं केव्हाच बंद झालंय, आता दंडात देतात आणि फारसं दुखतही नाही. सभा काय, रविवारी घेता येते.